जाळीदार शिरा: आधी जागा ओळखा, मग उपचार ठरवा

लातुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी २२ वर्षं नर्स होते. त्यातली बरीच वर्षं सर्जरीच्या ओपीडीत गेली. तिथं एक गोष्ट ठरलेली असायची. बाई आत येते, कंबर दुखते म्हणते, भूक लागत नाही म्हणते. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं वळले की मला खूण करून जवळ बोलावते, साडीचा काठ चार बोटं वर उचलते आणि हळू आवाजात विचारते, "सिस्टर, हे काय व्हायलंय हो?" पोटरीवर निळ्या-जांभळ्या बारीक रेघांचं जाळं पसरलेलं असतं. घरात कुणी सांगितलेलं असतं की नस फुटली, कुणी म्हणालेलं असतं की रक्त खराब झालं. दोन-दोन वर्षं तिनं ते कुणाला दाखवलेलं नसतं.

तिच्यासाठी, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला संकोचणाऱ्या पुरुषांसाठीही, हे लिहितेय. या जाळ्याला डॉक्टर स्पायडर व्हेन्स म्हणतात, कारण ते कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. त्यावर उपचार आहेत आणि चांगले आहेत. पण मांडीवरचं जाळं, घोट्यावरचं, नाकावरचं आणि छातीवरचं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एका जागेला जे मानवतं ते दुसऱ्या जागेला अपाय करतं. म्हणून सुरुवात जागेपासून करायची.

पायरी पहिली: उजेडात उभं राहून नीट बघा

दारापाशी, दिवसाच्या उजेडात, पाच मिनिटं स्थिर उभं राहा. झोपून बघू नका. झोपलं की पायातल्या शिरा रिकाम्या होतात आणि खरं काय ते दिसत नाही. मागची बाजू आपली आपल्याला दिसत नाही, तेव्हा लेकीला नाहीतर जावेला मोबाइलवर फोटो काढायला सांगा आणि तो जपून ठेवा. पुढं फार कामाला येतो.

आता जाडी बघा. शिवायच्या दोऱ्यासारखी, १ मिलिमीटरपर्यंतची, लाल किंवा जांभळी रेघ म्हणजे स्पायडर व्हेन. १ ते ३ मिलिमीटरची हिरवट निळी रेघ कातडीच्या जरा खालून जाते. बऱ्याचदा हीच त्या जाळ्याला रक्त पुरवत असते, म्हणून डॉक्टर आधी तिला शोधतात. ३ मिलिमीटरच्या वरची, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून जाड, हाताला लागणारी, नागमोडी फुगलेली शीर म्हणजे व्हेरिकोज व्हेन. तिचा उपचार वेगळा.

आपल्याकडं सगळ्यालाच नस म्हणायची सवय आहे. कंबरेतून पायात कळ उतरते तीही नस आणि ही निळी रेघही नस. त्या कळेचा या जाळ्याशी काही संबंध नाही. जाळं होतं ते रक्त हृदयाकडं परत नेणाऱ्या शिरांचं. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना नीला म्हणायचो.

विहिरीवर मोटर असलेल्या कुणालाही याचं कारण लगेच कळेल. फूट व्हॉल्व्ह गळका झाला की मोटर बंद होताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायाच्या शिरांमध्येही जागोजाग अशा झडपा असतात. रक्ताला वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. झडप ढिली पडली की रक्त खाली घसरतं, दाब वाढतो आणि कातडीखालच्या बारीक शिरा फुगतात. रक्त वर ढकलणारी मोटर म्हणजे पोटरीचा स्नायू. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस चालायला लागला की दाब ३० च्या खाली उतरतो.

म्हणून एका जागी उभं राहणाऱ्यांचे पाय जास्त कुरकुरतात. क्लासमध्ये तासामागून तास फळ्यापुढं उभे राहणारे सर, गंजगोलाईतल्या दुकानात काउंटरमागची पोरं, बंदोबस्तातले पोलीस, आणि पहाटेपासून ओट्याशी उभी असलेली बाई. पण केवळ उभं राहिल्यानं होतं असंही नाही. आईला होतं, मावशीला होतं, म्हणून मला झालं, हे कारण सगळ्यात मोठं. त्यावर बाळंतपणं, वय आणि वजन यांची भर पडते. तेव्हा "तू नीट राहत नाहीस म्हणून झालं" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

पायरी दुसरी: पायावर आहे, तर पायावर कुठं?

मांडीच्या बाहेरच्या बाजूला एखाद-दुसरं जाळं, सूज नाही, जडपणा नाही, असं असेल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. काढलं नाही तरी आयुष्यात काही बिघडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तरच काढा.

गुडघ्याच्या आत, गुडघ्यामागं किंवा पोटरीवर जाळं असेल तर त्याच्याजवळ जाड शीर आहे का ते बघा. संध्याकाळी पाय जड पडतात का, रात्री गोळे येतात का, चपलेचा पट्टा संध्याकाळी घट्ट होतो का, हे आठवून लिहून ठेवा. "पाय लई जड पडायलेत" एवढं सांगण्यापेक्षा "दुपारी चारनंतर जड पडतात, पाय वर केले की बरं वाटतं" हे सांगितलं तर डॉक्टरांना दिशा मिळते.

घोट्याच्या आतल्या बाजूची गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. तिथं मोराच्या पिसाऱ्यासारखं पसरलेलं बारीक निळं जाळं दिसलं, तर आतल्या मोठ्या शिरांमध्ये दाब वाढलेला असण्याची शक्यता बरीच असते. पुढं तिथली कातडी तपकिरी होते, खाजते, कडक होते आणि एक दिवस साधं खरचटल्याचं निमित्त होऊन जखम होते. ती महिनोन्‌महिने भरत नाही. माझ्यासमोर अशा जखमेवर हळद, काजळी, झाडपाला, सगळं लावून मग आलेली माणसं बसलेली असायची. पिसारा दिसला तेव्हाच आली असती तर जखमेपर्यंत बहुधा पाळीच आली नसती. म्हणून घोट्यावरचं जाळं सौंदर्याच्या खात्यात टाकू नका.

यापुढची तपासणी म्हणजे शिरांचा डॉपलर. सोनोग्राफीसारखीच, जेल लावून करतात, दुखत नाही. झडपांची गळती बघायची तर ती उभं करूनच बघावी लागते. तंत्रज्ञ पोटरी दाबून सोडतो आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते पडद्यावर मोजतो. कातडीजवळच्या मोठ्या शिरेत ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर झडप गळकी. नुसतं झोपवून उरकलेला डॉपलर घेऊन आलात तर शिरांचे डॉक्टर बहुधा पुन्हा करायला सांगतील, तेव्हा "उभं राहून करणार ना?" हे आधीच विचारा. संकोच नको, तुमचेच पैसे आहेत.

डॉपलरमध्ये मोठी शीर गळकी निघाली, तर आधी ती आतून लेझरनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं बंद करतात आणि जाळ्याकडं नंतर बघतात. पाइप गळतोय तोवर भिंतीवरची ओल पुसून काय उपयोग? हे टाळून थेट जाळ्यावर सुया घेतलेले पेशंट वर्षाच्या आत पुन्हा तशीच जाळी घेऊन आलेले मी पाहिलेत.

पायरी तिसरी: पायाच्या जाळ्याला सुई

पायासाठी पहिला उपचार सुईचा. त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. लेझर ऐकायला भारी वाटतं, पण पायाच्या जाळ्याला सुईच सरस ठरते.

औषधं मुख्यतः दोन, पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. बारीक जाळ्याला औषध पातळ लागतं. पॉलिडोकॅनॉल असेल तर ०.२५ ते ०.५ टक्के. जाड शिरेसाठीचं दाट औषध बारीक जाळ्यात गेलं तर कातडीला इजा होते, आणि म्हणूनच हे काम रोज करणाऱ्या हाताकडूनच करून घ्यावं. पॉलिडोकॅनॉल मुळात जागा बधिर करायचं औषध म्हणून तयार झालं होतं, त्यामुळं ते फार झोंबत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण न बघितलेल्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते. तुम्हाला आडवं झोपवतात. कातडी स्पिरिटनं पुसतात, ती ओली झाली की रेघा आणखी स्पष्ट दिसतात. ३० नंबरची सुई असते, फार बारीक. एका हातानं कातडी ताणून धरतात आणि सुई जवळजवळ आडवी करून त्या रेघेत शिरवतात. औषधाचा थेंबभर आत गेला की ते सगळं जाळं, फांद्यांसकट, नजरेसमोर पुसलं जातं. पाटीवरची रेघ ओल्या बोटानं पुसावी तसं. पेशंट उठून बघायला लागतात. मी तेव्हाच सांगायचे, "मावशी, हे खरं जाणं नव्हे. औषधानं रक्त बाजूला सारलंय, एवढंच." दोन-चार मिनिटांत ती जागा लाल होते, पित्ताची गांध उठावी तशी फुगते, खाजते. तासा-दोन तासांत ते बसतं. शिरेच्या आतला थर औषधानं दुखावतो, शीर चिकटून बंद होते आणि शरीर तिला हळूहळू विरघळवतं. याला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर जागा आधीपेक्षा वाईट दिसू शकते. एका बैठकीत सगळं जात नाही. दोन ते चार बैठका धराव्यात आणि दोन बैठकांत चार-सहा आठवड्यांचं अंतर.

सुईच्या आधी डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली होती का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, डोळ्यांपुढं चमकून डोकं दुखणारी अर्धशिशी, रक्त पातळ करायच्या किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या, आणि दिवस गेलेले असण्याची शक्यता. गरोदरपणात ही सुई देत नाहीत. अंगावर पाजत असताना शक्यतो थांबतात.

आता डागाबद्दल. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या डाव्या पोटरीवर जाळं आलं. तेव्हा मी दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात सुया घेतल्या. निळी रेघ गेली आणि तिच्याच जागी तपकिरी रेघ उमटली. मला वाटलं, कातडी जळली. नर्स असून मी रडले होते. दहा महिन्यांनी ती रेघ फिकी होऊन गेली. बंद झालेल्या शिरेतल्या रक्ताचं लोह कातडीत उतरतं, त्याचा तो डाग. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत तो उठून दिसतो. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात जातो, थोड्यांचा रेंगाळतो. दोन-तीन आठवड्यांनी तपासणीला गेल्यावर शिरेत अडकलेलं काळं रक्त डॉक्टर सुईनं टोचून काढतात, त्यानं डाग कमी पडतो. ती तपासणी चुकवू नका. कधी सुईच्या जागेभोवती नव्या, अगदी केसासारख्या लाल रेघांचा पुंजका येतो. तोही बहुतेकदा काही महिन्यांत विरतो. क्वचित औषध शिरेबाहेर जाऊन छोटी जखम होते. टोचताना आग आगीसारखी उसळली तर दात दाबून पडून राहू नका, लगेच बोला.

सुईनंतर त्याच दिवशी वीस-तीस मिनिटं चालायचं. औसा, रेणापूर, अहमदपूरकडून आलेल्या पेशंटना मी दवाखान्याच्या आवारातच फेऱ्या मारायला लावायचे आणि मगच एसटीला सोडायचे. पहिले काही दिवस कढत पाण्यानं अंघोळ नको, जड उचलणं नको, लांबचा प्रवास नको. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: एकच पाय अचानक सुजला, पोटरी ताठ होऊन दुखू लागली, तर ती चोळायची नाही, तेल लावायचं नाही. आतल्या खोल शिरेत गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर घटकाभरही थांबू नका.

पायरी चौथी: घट्ट मोजे, आणि ते घालायचे कसे

सुईनंतर एक ते तीन आठवडे दाबाचे मोजे घालायला सांगतात. ते अंदाजानं घ्यायचे नसतात. सकाळी, पाय सुजायच्या आधी, घोट्याचा सगळ्यात बारीक आणि पोटरीचा सगळ्यात जाड घेर टेपनं मोजून घ्यावे लागतात. पाकिटावर दाबाचा वर्ग लिहिलेला असतो. पहिला वर्ग पाऱ्याचे १८ ते २१ मिलिमीटर, दुसरा २३ ते ३२. कुठला घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील. मधुमेह जुना असेल, बिडी-तंबाखू असेल, तर आधी पायाच्या नाडीचे ठोके तपासून घ्या. पायाला रक्त पोहोचवणाऱ्या नळ्याच अरुंद असतील तर मोज्यानं घात होतो.

बायकांची मुख्य तक्रार असते की मोजा वर चढतच नाही. बोटं उघडी राहणारा मोजा घ्या. पायाच्या पंजाला आधी एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकवा, टाच बसली की पिशवी बोटांकडून ओढून काढा. मग तळव्यांनी थोडा-थोडा वर न्या. वरचा काठ दुमडू नका. दुमडलेला काठ दोरी बांधल्यासारखा काचतो आणि नेमकं उलटं काम करतो. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घालावा, रात्री काढावा. हातानं धुवून सावलीत वाळवावा. रोज वापरला तर सहा महिन्यांत त्याचा ताण जातो.

नुसता क्रेप बँडेज गुंडाळून काम भागवणारे खूप. वर घट्ट आणि खाली सैल असा तो बांधला जातो, त्यापेक्षा न बांधलेला बरा.

पायरी पाचवी: चेहरा

नाकपुडीच्या कडेला, गालावर, लाल केसासारख्या रेघा येतात. यांचा पायाच्या झडपांशी संबंध नाही. वर्षानुवर्षं उन्हात काम, वय, चेहरा सतत लाल होण्याचा रोझेशिया नावाचा आजार, ही कारणं आहेत. पण आपल्या भागातल्या तरुण मुलींमध्ये मी जे कारण सगळ्यात जास्त पाहिलं ते गोरं होण्याच्या क्रीमचं.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती, लग्न ठरलेली. तीन वर्षं रोज रात्री एक ट्यूब चेहऱ्याला लावत होती. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. खिडकीजवळ बसवून पाहिलं तर गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतल्या लाल रेघा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट, वर पुटकुळ्या आणि हनुवटीवर लव. ट्यूबवर बेटामेथासोन लिहिलं होतं. ते स्टिरॉइड आहे. क्लोबेटासोल, मोमेटासोन हीही त्याच घरची नावं. आजारासाठी डॉक्टरांनी थोडे दिवस दिली तर ती औषधं आहेत, गोरेपणासाठी वर्षभर लावली तर कातडी खातात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. घरातल्या प्रत्येक ट्यूबवरचं नाव आजच वाचा. असं क्रीम सापडलं तर एकदम बंद करून घरी बसू नका, चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सांगण्यानं सोडवा. ती सुटल्यावरच रेघांच्या उपचाराचा विचार.

चेहऱ्याच्या रेघांना पायासारखी सुई घेऊ नका. चेहऱ्याच्या शिरा डोळ्यांकडच्या शिरांना जोडलेल्या असतात, औषध भलतीकडं गेलं तर डोळ्याला धोका. इथं काम लेझरचं. लेझर एकाच प्रकारचं नसतं. ५३२ नॅनोमीटरचं लेझर लाल रेघ चांगली पकडतं, पण आपल्या सावळ्या कातडीतला रंगही पकडतं आणि डाग किंवा चटका देऊ शकतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग आपल्या कातडीला त्या मानानं सुरक्षित. डॉक्टरांना सरळ विचारा की कोणतं लेझर आहे, आधी कानाजवळ छोट्या जागेवर करून बघाल का, आणि डोळ्यांवर ढाल लावणार का. ब्यूटी पार्लरमध्ये हे करून घेऊ नका, मग ताई कितीही ओळखीची असो.

लेझरच्या आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळावं लागतं. रानात जाणाऱ्यांना हे अवघड आहे, मला माहीत आहे. किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, वर घट्ट विणीचा रुमाल किंवा पदर, आणि शक्य असेल तर खुरपणी-वेचणीला सकाळची पाळी.

पायरी सहावी: छाती, मान, पोट, हात

इथं आधी काचेच्या ग्लासानं एक तपासणी करा. मधोमध लाल ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना फुटलेले बारीक पाय, अगदी कोळी बसल्यासारखं, असं काही छातीवर, मानेवर, खांद्यावर, दंडावर दिसलं तर स्वच्छ ग्लासाची बाजू त्यावर दाबा. ते पांढरं पडेल. ग्लास उचलला की मधल्या ठिपक्यातून बाहेरच्या दिशेनं पुन्हा लाल भरत जाईल. हा शिरेचा नव्हे, बारीक धमनीचा कोळी. लहान लेकरांत, गरोदर बाईत एखाद-दुसरा असला तर काळजीचं कारण नसतं. पण मोठ्या माणसाला असे पाच-सहा एकदम आले, सोबत तळहात लालबुंद, डोळे पिवळे किंवा पाय-पोट सुजलेलं असेल, तर ती यकृताची तक्रार असू शकते. दारूची सवय असलेल्यांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आधी रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी. कोळी जाळून टाकला तर आजाराची खूण पुसली जाते आणि आजार आत राहतो.

बेंबीभोवती फुगलेल्या शिरा आणि वाढलेलं पोट, हेही यकृताकडंच बोट दाखवतं. मानेवरच्या आणि छातीवरच्या शिरा एकाएकी फुगल्या आणि चेहरा सुजला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. पाजणाऱ्या आईच्या छातीवर निळ्या शिरा दिसणं नैसर्गिक आहे. एकाच बाजूला नव्यानं दिसल्या, गाठ लागली, तर दाखवा.

हाताच्या पंजावरच्या फुगलेल्या शिरा कष्टाच्या आणि वयाच्या आहेत, त्या बंद करून घेऊ नका. उद्या आजारी पडलात तर सलाइन लावायला आम्ही त्याच शोधत असतो.

गरोदरपण असेल तर थांबा

पोटात बाळ असताना जाळी झपाट्यानं वाढतात. बाई घाबरते. चेहऱ्या-छातीवरचे कोळी बाळंतपणानंतर बहुतेकदा तीन महिन्यांच्या आत जातात. पायाची जाळी सावकाश फिकी होतात, म्हणून उपचाराचं बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्षभरानं ठरवावं. तोवर मोजे, डाव्या कुशीवर झोपणं, बसल्यावर पाय पाटावर ठेवणं. आणखी एक, जे बायका आईलाही सांगत नाहीत: गरोदरपणात मायांगाजवळही शिरा फुगतात, जडपणा येतो, उभं राहवत नाही. हे होतं, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचं ओसरतं. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगाच. त्यांना त्यात नवीन काही नसतं.

कुठं जायचं, कधी जायचं

पायासाठी सर्जरीची ओपीडी, चेहऱ्यासाठी त्वचारोगाची. छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथलं शासकीय रुग्णालय), नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दोन्ही विभाग आहेत. जाताना जुना फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं आणि गुडघ्याच्या वर सहज जाईल असा कपडा. नुसतं दिसण्यासाठी केलेला उपचार विम्यात सहसा बसत नाही. गळकी मोठी शीर, सूज, जखम असेल तर बसू शकतो, म्हणून डॉपलरचा रिपोर्ट जपा. खासगीत जाणार असाल तर पैसे बैठकीचे की औषधाच्या बाटलीचे, मोजे त्यात धरलेत का, हे आधी विचारून घ्या.

मराठवाड्यात पाऱ्यानं चाळिशी ओलांडली की घट्ट मोजा अंगावर राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ चांगला. त्यातही सोयाबीन काढून झालं आणि कापसाची पहिली वेचणी उरकली की एक आठवडा मोकळा मिळतो, तो धरावा. लग्नासाठी करायचं असेल तर तारखेच्या आठ-दहा महिने आधी या. दीड महिना आधी येणाऱ्या मुलींना आम्ही परत पाठवायचो, कारण हळदीच्या दिवशी निळ्याच्या जागी तपकिरी डाग घेऊन बसावं लागलं असतं.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज कमी होते, जाळं जात नाही. तेल चोळल्यानं जात नाही. जळवा लावून आलेले पेशंटही मी पाहिलेत. जळू रक्त पिते, पण गळकी झडप तशीच राहते, आणि जागा पिकण्याचा धोका वेगळा. उपचारानंतरही काही वर्षांनी नवी जाळी येऊ शकतात, कारण कल तोच असतो. तेव्हा सहा-सहा महिन्यांनी त्याच दारापाशी, त्याच उजेडात फोटो काढून जुन्याशी ताडून बघा.

जाळ्यातून रक्त आलं तर

घोट्याजवळच्या जाळ्यात कधीकधी कातडी इतकी पातळ होते की काळा फोड दिसतो. गरम पाण्यानं अंघोळ करताना, टाच घासताना तो फुटतो आणि रक्ताची चिळकांडी उडते. दुखत नाही, त्यामुळं खाली बघेपर्यंत न्हाणीघर लाल झालेलं असतं. एका काकूंना घरच्यांनी खुर्चीवर बसवून, गुडघ्याखाली साडीची किनार करकचून बांधून, आमच्याकडं आणलं. पाय खाली लोंबता, वर आवळलेली किनार, आणि रक्त आणखी जोरात. वरून आवळलं की परत जाणारी वाटच बंद होते, म्हणून असं होतं. आम्ही किनार सोडली, त्यांना झोपवलं, पाय उशांवर छातीच्या वर धरला, स्वच्छ कापडाची घडी बोटानं दाबून ठेवली. काही मिनिटांत थांबलं.

घरीही हेच करायचं. आडवं झोपवा, पाय उंच धरा, नेमक्या त्या ठिपक्यावर स्वच्छ कापड दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं मधे उचलून न बघता धरा. हळद, राख, चहापत्ती काही भरू नका. थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करा. थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तो फोड पुन्हा फुटतो, आणि तो बंद करायला बऱ्याचदा तीच बारीक सुई पुरते.